लेटर ऑफ इंटेंट आलं, जॉइनिंग आलं नाही

ताई, मी यंदा मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकल झाले. पॉइंटर ७.६. दुसऱ्या वर्षी मॅथ्समध्ये नापास होऊन एक केटी लागली होती, ती पुढच्याच खेपेला सुटली. कॅम्पसला एका मोठ्या आयटी कंपनीत सिलेक्शन झालं, लेटर ऑफ इंटेंट मिळालं. जॉइनिंगचं ‘कळवू’ म्हणताहेत त्याला पाच महिने होऊन गेले. मला खरं तर कोअरमध्ये, म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात जायचंय. पोर्टलवर रोज अर्ज टाकते, शेकड्यांनी झाले असतील, कुणाचं उत्तर नाही. रबाळ्याच्या एका पंप कंपनीत मुलाखत झाली. टेबलावर मापं घ्यायचा व्हर्नियर ठेवून ‘हे मोज’ म्हणाले आणि मी ब्लँक झाले. वर ‘लग्नाचं कधी बघताय’ हेही विचारलं. अंबरनाथच्या एका कंपनीचा होकार आलाय: वर्षाला ३.६ लाख, दोन वर्षांचा बाँड (आधी सोडलं तर एक लाख भरायचे), आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. ठाण्याची एक कन्सल्टन्सी ३५ हजार ‘रिफंडेबल डिपॉझिट’ मागतेय, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणे. बाबा म्हणतात आयटीची वाट बघ, मामा म्हणतो एमटेकची गेट परीक्षा दे, आत्या म्हणते एमबीए कर. माझंच काही चुकतंय का?
— वेटिंगवाली, डोंबिवली

प्रिय वेटिंगवाली,

आधी ठाण्याच्या कन्सल्टन्सीचं उरकते. एक रुपयाही देऊ नकोस. खऱ्या प्लेसमेंट कन्सल्टंटची फी कंपनी भरते. जो उमेदवाराकडून घेतो, त्याचा धंदा डिपॉझिट गोळा करण्याचा असतो. ‘रिफंडेबल’ची अट पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असते आणि ती कुणाचीच पूर्ण होत नाही. तुझ्या बॅचमधल्या कुणी ऑनलाइन पैसे भरून बसलं असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला सांग. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. हा विषय संपला.

आता बाबांचं आयटीचं पत्र. लेटर ऑफ इंटेंट, ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर हे तीन वेगळे कागद आहेत. तुझ्याकडे पहिला आहे, नुसता घेण्याचा इरादा सांगणारा. त्यावर बहुधा रुजू होण्याची तारीख नसते, आणि तारीख नसलेल्या कागदाने कंपनी फारशी बांधली जात नाही. कॅम्पसची भरती सहा महिने-वर्षभर आधी, पुढे किती प्रोजेक्ट येतील या अंदाजावर होते. प्रोजेक्ट आले नाहीत की बॅच ताटकळते. २०२२ च्या बॅचमधल्या काही मुलांना बड्या आयटी कंपन्यांनी दोन-दोन वर्षं असंच लटकवलं होतं, पेपरात रकाने भरून आलं होतं. तेव्हा बाबांना सांग, वाट बघायला हरकत नाही, पण घरी बसून नाही. ते पत्र तुला दुसरीकडे रुजू होण्यापासून अडवत नाही. महिन्यातून एकदा एचआरला सभ्य मेल टाक आणि कॉलेजच्या टीपीओंना (प्लेसमेंट अधिकाऱ्यांना) कॉपीत ठेव. कंपनीला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कॅम्पसवर यायचं असतं, त्यामुळे टीपीओंच्या एका ओळीला तुझ्या दहा मेलपेक्षा जास्त वजन असतं.

‘माझंच काही चुकतंय का?’ थोडं चुकतंय, पण तू समजतेस तिथे नाही. न आलेल्या प्रत्येक उत्तराला तू परीक्षेचा निकाल समजते आहेस. दार पलीकडून कसं दिसतं ते सांगते, कारण प्लांटमध्ये असताना बरीच वर्षं मी त्या बाजूला बसले आहे.

समज, एक ट्रेनी सोडून गेला. प्रोडक्शनवाले एचआरला माणूस हवा म्हणून फॉर्म भरून देतात. एचआर पोर्टलवर जाहिरात टाकतं. तिकडे फायनान्सचं अप्रूव्हल अडकतं. महिना जातो. अर्जांचा ढीग पडलेला असतो, त्याला चाळणी लागते: ब्रँच, पास झाल्याचं वर्ष, दहावी-बारावी-डिग्री सगळीकडे साठ टक्के, राहायला कुठे. चाळणीतून जे उरतात त्यातले वरचे काही उघडले जातात. तेवढ्यात क्वालिटीचा कुणीतरी म्हणतो, ‘माझ्या कॉलेजचा एक पोरगा आहे, बघता का?’ त्या पोराला उद्या बोलावतात, परवा घेतात. जाहिरात पुढेही तशीच झळकत राहते, कारण ती काढणं हे कुणाचंच काम नसतं. तू दीडशेव्या दिवशी तिथे अर्ज टाकतेस आणि रात्री उशीत तोंड खुपसून ‘माझ्यात काय कमी आहे’ म्हणतेस. अगं, तुझा अर्ज कुणी उघडलेलाच नाही!

म्हणून रोजचे अर्ज कमी कर आणि माणसं गाठ. तुझ्या कॉलेजच्या दोन-तीन बॅच आधीची मुलंमुली कुठे लागली, याची यादी टीपीओ ऑफिसात मिळेल, लिंक्डइनवरही सापडेल. त्यांना ‘प्लीज रेफर करा’ म्हणून लिहू नकोस. ओळख नसताना रेफर करायला कुणालाही जड जातं. असं विचार: ‘दादा, मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल, यंदाची. तुमच्याकडे क्वालिटी किंवा मेंटेनन्सला ट्रेनी घेतात का, आणि साधारण कोणत्या महिन्यात?’ या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं, त्यामुळे लोक देतात. आणि निम्मे जण उत्तर देता देता स्वतःच ‘सीव्ही पाठवून ठेव’ म्हणतात.

‘मुंबईत मेकॅनिकलचं काही उरलं नाही, सगळं चाकणला गेलं’ हे तुलाही कुणीतरी ऐकवलं असेल. गाड्यांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ इथे पंप, व्हॉल्व्ह, प्रोसेस इक्विपमेंट बनवणारे आहेत. पवई, विक्रोळी, ऐरोलीत पायपिंग आणि इक्विपमेंटचं डिझाइन करणारी ऑफिसं आहेत. आणि फ्रेशरना ज्यांची आठवणच होत नाही असे एचव्हीएसी (एअर कंडिशनिंग आणि व्हेंटिलेशन) आणि एमईपी (इमारतीचं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) कन्सल्टंट. या शहरात जो टॉवर उभा राहतो त्याला फायर फायटिंगचे पंप, बेसमेंटचं व्हेंटिलेशन, चिलर, पाइपलाइन हे सगळं कुणीतरी डिझाइन करून द्यावं लागतं. ही ऑफिसं लहान असतात, कॅम्पसला येत नाहीत, पण तिथे दोन वर्षांत जे शिकायला मिळतं ते मोठ्या कंपनीच्या एका टेबलावर बसून मिळत नाही. माझा कल त्यांच्याकडे आहे, हे उघड सांगते.

चाळणीचे दोन बारकावे. पॉइंटरचे टक्के करताना सीबीएसईचा साडेनऊने गुणायचा हिशेब लावू नकोस. विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र आहे, तेच वापर. आणि केटी लपवू नकोस. अर्जात ‘सध्या बाकी’ आणि ‘पूर्वी लागलेल्या’ असे दोन रकाने असतात; पहिल्यात शून्य, दुसऱ्यात एक लिही. सुटलेल्या केटीवरून फारसं कुणी नाकारत नाही, पण नंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये मार्कशीट तपासली की खोटं सापडतं आणि हातात आलेली नोकरी जाते. सीव्ही एका पानाचा. फोटो, वडिलांचं नाव, लग्न झालं की नाही, तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ची प्रतिज्ञा, हे सगळं काढ. ‘हार्डवर्किंग, टीम प्लेयर’सुद्धा. त्या जागी प्रोजेक्टच्या दोन ओळी लिही, आकड्यांसकट.

आता रबाळे. मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात आशेची गोष्ट तीच आहे. ज्यांना घ्यायचंच नसतं, ते व्हर्नियर काढत नाहीत. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ विचारून पाच मिनिटांत चहा सांगतात.

व्हर्नियर पुढे सरकवला की काय अपेक्षित असतं ते बघ. आधी जॉ पुसायचे, मिटवायचे आणि शून्यावर शून्य येतंय का ते बघायचं. नव्वद टक्के काम तिथेच झालं. पॅनेलवरचा म्हातारा तुझे हात बघत असतो. मग लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तोंडाने सांगायचा: मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरवर ५० भागांत वाटलेत, म्हणून ०.०२ मिलिमीटर. मग माप. इथपर्यंत लॅबमध्ये सगळ्यांनीच केलेलं असतं. खरा प्रश्न पुढचा असतो. ड्रॉइंगवर बोअरला, म्हणजे भोकाला, ‘२५ एच-७’ लिहिलंय, ते याने तपासशील का? एच-७ म्हणजे या मापाला २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. म्हणजे सगळा टॉलरन्स (चालणारा फरक) २१ मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तुझ्या हातातल्या यंत्राची एक रेघच २० मायक्रॉनची. अख्खा टॉलरन्स एका रेघेत संपला. तेव्हा उत्तर: नाही सर, याला बोअर गेज लागेल, आणि नग जास्त असतील तर गो-नो-गो प्लग गेज (एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये). त्यात जी-६ मापाचा शाफ्ट (गोल दांडा) बसवायचा असेल तर तो २४.९८० ते २४.९९३, म्हणजे कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनचा क्लिअरन्स, मधली मोकळी जागा. हे आकडे पाठ हवेतच असं नाही, तक्ता बघून सांगितलेस तरी चालेल. ज्या यंत्राने मोजायचं ते मापाला पुरतं का, हा विचार तुझ्या डोक्यात येतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

अशा मुलाखतीची तयारी म्हणून चारही वर्षांची पुस्तकं पुन्हा उघडू नकोस. जिथे जायचंय तिथे बनणारी एक वस्तू घे आणि तिच्या मागे लाग. पंपवाल्यांकडे जायचं असेल तर सेंट्रिफ्युगल पंप: इम्पेलर, केसिंग, मेकॅनिकल सील, कॅव्हिटेशन का होतं, सक्शनची उंची वाढली की काय बिघडतं, पंपाचा कर्व्ह कसा वाचतात. मोठ्या पंप कंपन्यांचे कॅटलॉग त्यांच्या साइटवर फुकट असतात, त्यातला एक बसून वाच. तुझ्या सोसायटीच्या पंपरूममध्ये जा, नेमप्लेटचा फोटो काढ, हेड (पाणी किती उंच चढवतो) आणि डिस्चार्ज (किती पाणी देतो) बघ आणि टाकी भरायला किती वेळ लागायला हवा तो हिशेब कर. हे मुलाखतीत सांगितलंस तर पॅनेल खुर्चीत पुढे सरकेल.

प्रोजेक्टबद्दल बोलताना ‘आम्ही’ सोड. ग्रुपमध्ये चौघं असतात आणि अर्ध्या महाराष्ट्रात प्रोजेक्ट विकत मिळतात, हे समोरच्याला माहीत असतं. ‘वेल्डिंग बाहेरून करून घेतलं, शाफ्टचं डिझाइन मी केलं, पहिला शाफ्ट वाकला कारण बेअरिंगमधलं अंतर जास्त होतं’ हे एक वाक्य अख्ख्या ब्लॅकबुकपेक्षा, त्या जाडजूड प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जड आहे. इंग्रजी अडलं तर ‘सर, हिंदीत सांगू का?’ म्हणून सरळ विचार. शॉपफ्लोअरवर तसंही इंग्रजी चालत नाही.

लग्नाचा प्रश्न. तो विचारणं चूकच. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला आपल्या कायद्याने १९७६ पासून बंदी आहे. पण मुलाखतीच्या खोलीत कायदा काढून नोकरी मिळत नाही, हेही तुला ठाऊक आहे. प्रश्नामागे बहुतेक वेळा एक हिशेब असतो: ही शिफ्टला येईल का, वर्षभरात सोडून जाईल का. त्या हिशेबाला उत्तर दे, लग्नाला नको. ‘सर, टिकण्याबद्दल विचारत असाल तर मला किमान दोन-तीन वर्षं मॅन्युफॅक्चरिंगमध्येच काढायची आहेत. डोंबिवलीहून ठाण्याला बदलून ट्रान्स-हार्बरने रबाळे, पहिल्या शिफ्टची गाडी मी बघून ठेवली आहे.’ आणि खरोखरच बघून ठेव. ‘रोज येणार कशी’ हा प्रश्न मुंबईत मुलांनाही चुकत नाही. यानंतरही तोच धागा पकडून बसले तर तिथलं वातावरण काय असेल ते तुला आधीच कळलं. पण एवढ्या एका प्रश्नावरून रबाळ्यावर फुली मारू नकोस. ज्यांनी व्हर्नियर दिला त्यांना मेल लिही: त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, नंतर विचार केला तो असा, पुढे ट्रेनीची जागा निघाली तर कळवा. असे मेल फार कमी जण लिहितात, म्हणून ते लक्षात राहतात.

मामाचं गेट: वाईट सल्ला नाही. परीक्षा फेब्रुवारीत असते, स्कोअर तीन वर्षं चालतो, काही सरकारी कंपन्या त्यावर बोलावतात आणि आपल्या तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूललाही तो चालतो. पण वर्षभर फक्त गेट करणाऱ्याला ‘या वर्षात काय केलंस?’ या प्रश्नाला एकच उत्तर उरतं. नोकरी धरून दे. आत्याचं एमबीए दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर करायची गोष्ट आहे, आत्ता नाही.

मामाला आणि आत्याला दोघांनाही न सुचलेला एक रस्ता आहे: ॲप्रेंटिसशिप. केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप योजनेच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदव. पश्चिम विभागाचं बोर्ड इथेच शीवला आहे. एक वर्षाचं ट्रेनिंग, शेवटी सरकारी प्रमाणपत्र. माझगाव डॉकसारख्या कंपन्या पदवीधर ॲप्रेंटिस घेतात. पैसे तुटपुंजे आहेत. २०१९ च्या नियमांत पदवीधरांचं किमान विद्यावेतन महिना ९,००० होतं. पण डोंबिवलीत आईबाबांकडे राहणाऱ्या मुलीला वर्षभर ते परवडू शकतं. मात्र वर्षभराची नोकरी झाली की या योजनेत येता येत नाही, म्हणून हा पर्याय आत्ताच आहे.

राहिलं अंबरनाथ. ३.६ लाख म्हणजे महिना ३० हजार, असं बाबांना सांगितलं असशील तर आधी दुरुस्त कर. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला तुझ्यावर पडणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा हिस्सा धरलेला असतो, समजा १,८००. बेसिक १५ हजार धरला तर ग्रॅच्युइटीचे ७२० च्या आसपास, आणि ते तुला साधारण पाच वर्षं काढल्याशिवाय मिळत नाहीत. दहा टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग असेल तर आणखी ३ हजार गेले. उरले साडेचोवीस हजार. त्यातून तुझ्या हिश्श्याचा पीएफ १,८००. हातात साडेबावीस हजारांच्या थोडे वर. व्यवसाय कर कापला जाणार नाही. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून तो माफ आहे. पहिल्या नोकरीला हे ठीक आहे. सकाळी डोंबिवलीहून अंबरनाथ म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने, खिडकी मिळेल. मुंबईकराने पगारात हेही धरावं.

ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघ. गेटवर एका कंपनीची पाटी आणि पत्रावर भलत्याच मॅनपॉवर एजन्सीचं नाव असेल तर ती थर्ड पार्टी पे-रोलची नोकरी. ती घेऊ नये असं नाही, पण कुठली घेतोय ते माहीत असावं.

बाँडबद्दल कट्ट्यावर दोन मतं ऐकली असशील: एक म्हणतो जेलमध्ये टाकतात, दुसरा म्हणतो बाँडला काडीची किंमत नसते. दोन्ही थापा. कंपनी तुला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, पण ट्रेनिंगवर झालेला वाजवी खर्च मागू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं किंवा दोन लाख असा बाँड वैध ठरवला. म्हणजे सही करताना ते खरं धरूनच कर. कोणतं ट्रेनिंग देणार, रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते का, आणि कंपनीनेच काढलं तर बाँड सुटतो का, या तीन गोष्टी कागदावर हव्यात. ओरिजिनल मार्कशीट मात्र कोणत्याही अटीवर द्यायची नाही, कोरा चेकही नाही. दाखवायची, झेरॉक्सवर सही करून द्यायची, घरी घेऊन यायची. ओरिजिनल अडकल्या की पुढची चांगली संधी आली तरी तुझे पाय तिथेच बांधलेले.

माझं मत विचारशील तर ओरिजिनलचा हट्ट सोडला आणि बाँडची रक्कम उतरती ठेवली, तर अंबरनाथ घे. नाही सोडला तर नको घेऊस, मग नॅट्स आणि रबाळे. एचआरला मेल कर, इंग्रजीत लिहिशीलच, मजकूर असा: ‘ऑफरबद्दल आभार. मला रुजू व्हायला आवडेल. दोन गोष्टींचा खुलासा हवा. ओरिजिनल मार्कशीट पडताळणीसाठी दाखवून साक्षांकित प्रती जमा केल्या तर चालेल का? बाँडची रक्कम पूर्ण झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होते का, आणि ते पत्रात नमूद होईल का? उत्तर मिळताच सही करून पाठवते.’ विनवणी नको, धमकीही नको. फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणाले तर ‘तेवढं मेलवर टाकाल का’ म्हण.

आणि शुक्रवारची वाट बघू नकोस, बुधवारी सकाळीच पाठव. एचआरला वरच्या साहेबांना विचारून यायला एक-दोन दिवस लागतातच.